सगळी जोखीम ठेकेदाराच्या माथी?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ५५ फूट ओलांडले. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ५६. धोक्याची पातळी आहे ४३. तेव्हापासून कोल्हापुरात पूर हा पावसाळ्यापुरता विषय राहिलेला नाही. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने पूरनियंत्रणाची कामे करायची, पुराचे पाणी दुष्काळी पट्ट्याकडे वळवायचे, असे आराखडे पुढे आले आणि त्यांच्या मागोमाग वाद आला. एक बाजू म्हणते, परदेशी कर्ज आणि जागतिक टेंडर म्हणजे राज्य गहाण टाकणे. दुसरी म्हणते, आपल्या ठेकेदारांनी रस्त्यांचे काय केले ते बघतोच आहोत, एकदा जपानी नाहीतर कोरियन कंपनी येऊ द्या. एका गोष्टीवर मात्र दोघांचे एकमत आहे. करार असा कडक करा की काहीही झाले तरी जबाबदारी ठेकेदाराची. ठरलेल्या रकमेत, ठरलेल्या मुदतीत काम पुरे करून द्यायचे. जमिनीखाली काय निघाले, पाऊस किती झाला, पोलाद किती महागले, याच्याशी आमचा संबंध नाही.

माझ्या मते खरा घोळ या एकमतात आहे. कंपनी कुठली आणि कर्ज कुणाचे हे प्रश्न दुय्यम आहेत. कोणती जोखीम कुणी उचलायची हे टेंडर निघण्याआधी ठरले आहे का, आणि ते ठरवण्यासाठी लागणारा अभ्यास मालकाने, म्हणजे सरकारने, स्वतः केला आहे का, यावर प्रकल्प तरतो किंवा बुडतो. ज्याला जी जोखीम आवरता येत नाही त्याच्यावर ती लादली, तर ती चढ्या दराच्या, कच्च्या कामाच्या, लवादाच्या नाहीतर अर्धवट सोडलेल्या साइटच्या रूपाने मालकाच्याच दारात परत येते.

आंतरराष्ट्रीय कामांत फिडिकचे करारनमुने सर्रास वापरतात. सल्लागार अभियंत्यांचा हा महासंघ १९१३ चा, आणि त्याची पुस्तके रंगांवरून ओळखली जातात. लाल पुस्तकात डिझाइन मालकाचे आणि पैसे मोजमापाप्रमाणे. पिवळ्यात डिझाइनही ठेकेदाराचे. चंदेरी पुस्तकात ठरावीक रकमेत सगळेच ठेकेदाराचे. लाल आणि पिवळ्या पुस्तकातले कलम ४.१२ सांगते की अनुभवी ठेकेदारालाही टेंडर भरताना अंदाज आला नसता अशी परिस्थिती जमिनीत निघाली, तर त्याला मुदतवाढ आणि झालेला खर्च मिळावा. चंदेरी पुस्तकात याच क्रमांकाचे कलम नेमके उलटे आहे: सगळ्या अडचणी ठेकेदाराने आधीच ओळखल्या होत्या असे धरले जाईल. आपल्याकडे ज्या कडक कराराची मागणी होते तो हाच. पण त्या चंदेरी पुस्तकाच्या १९९९ च्या प्रस्तावनेत खुद्द फिडिकनेच बजावले आहे की ठेकेदारांना तपासणीला पुरेसा वेळ किंवा माहिती नसेल, किंवा कामाचा बराच भाग जमिनीखाली असेल, तर हा करार वापरू नका. पुढे २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय बोगदा संघटनेबरोबर फिडिकने भूमिगत कामांसाठी एमराल्ड बुक हे वेगळे पुस्तकच काढले. ज्यांनी हत्यार घडवले त्यांनीच ते कुठे चालवू नये हे लिहून ठेवले असताना, आपण बोगदे आणि नदीकाठच्या भिंतींसाठी तेच का मागतो?

साधे गणित मांडून पाहू. समजा १०० कोटींचा बोगदा आहे आणि वाटेत पाण्याने भरलेला भुसभुशीत पट्टा लागण्याची शक्यता पाचात एक. लागला तर २५ कोटी जादा. ही जोखीम मालकाने स्वतःकडे ठेवली, तर टेंडर १०० कोटींच्या आसपास येते आणि मालकाने सरासरी ५ कोटींची तरतूद बाजूला काढायची. अशी दहा कामे हाती असलेल्या खात्याचे ५० कोटींत बहुधा निभावते, कारण दहाही ठिकाणी एकदम वाईट पट्टा लागत नाही. तीच जोखीम ठेकेदारावर टाकली तर? जाणता ठेकेदार १५-२० कोटी चढवतो, कारण त्याच्या हातात हे एकच काम आहे आणि २५ कोटींच्या फटक्याने त्याची कंपनी बसू शकते. दुसऱ्या कुणाला काम हवेच असते, तो त्या जोखमीचे शून्य धरतो. आपल्या पद्धतीत काम कुणाला मिळते? शून्य धरणाऱ्याला. जास्त बिलो, म्हणजे सरकारी अंदाजापेक्षा खूप कमी दराने, गेलेले टेंडर मंजूर झाले की बैठकीत बचतीचा आकडा वाचला जातो. पण त्या बचतीत न मोजलेली जोखीम तशीच असते. ती कागदावर ठेकेदाराने उचललेली दिसते, प्रत्यक्षात कुणीच उचललेली नसते. पट्टा लागला की काम मंदावते, मग पत्रे सुरू होतात, मग एक्स्ट्रा आयटमचे दावे, मग मुदतवाढ, आणि शेवटी साइटवर गंजत पडलेली यंत्रे.

पनामा कालव्याच्या नव्या जलपाशांचे, म्हणजे जहाजे पाण्याबरोबर वर-खाली नेणाऱ्या दरवाजेबंद हौदांचे, काम २००९ मध्ये दिले गेले तेव्हा जिंकलेल्या युरोपीय-पनामी समूहाची निविदा ३१२ कोटी डॉलरच्या आसपास होती. पुढची निविदा होती सुमारे ४१८ कोटी डॉलरची. एकाच नकाशांवर, एकाच खडकावर दोन जाणत्या समूहांच्या किमतीत शंभर कोटी डॉलरहून अधिक फरक पडतो, तेव्हा त्यातल्या एकाने जोखीम मोजलेलीच नाही हे समजायला फार अभ्यास लागत नाही. काँक्रीटसाठी वापरायच्या तिथल्या बेसॉल्टवरून वाद झाला, फेब्रुवारी २०१४ मध्ये काम दोन आठवडे जवळजवळ ठप्प झाले, २०१५ मध्ये चाचणीच्या वेळी एका जलपाशातून पाणी झिरपले, आणि २०१४ मध्ये संपायचा प्रकल्प २६ जून २०१६ ला खुला झाला. माझ्या विरोधकांचे इथले म्हणणे मी मान्य करतो: लवादात पनामा जिंकला. २०२० च्या निकालाने ठेकेदार समूहालाच आधी मिळालेले पैसे परत करावे लागले. कडक करार शेवटी मालकाला वाचवतो, याचा याहून ठळक पुरावा कुठला? पण पनामाचा मालक कोण आहे तेही पाहा. कालव्याच्या प्राधिकरणाकडे स्वतःचे रोजचे उत्पन्न आहे, आणि आधीच्या खोदाईची, तिथल्या खडकाची शंभर वर्षांची माहिती आहे. काम थांबले तेव्हा त्यांनीही पैसा पुढे करून ते चालू ठेवले आणि लवाद वर्षानुवर्षे लढवला. पुरापासून शहर वाचवायला निघालेल्या आपल्या खात्याला असे थांबता येईल का? जिंकलेल्या लवादाने दोन पावसाळे परत मिळत नाहीत.

जोखीम मालकाने घ्यावी असे म्हटले की समोरून एक शब्द येतो: सुप्रमा. सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे वाढलेल्या खर्चाला सरकारने नव्याने दिलेली मंजुरी. महाराष्ट्राच्या सिंचन प्रकल्पांच्या किमती या एका शब्दाच्या आधाराने किती पट वाढल्या हे २०१२ च्या श्वेतपत्रिकेच्या वेळी साऱ्या राज्याने पाहिले. ठेकेदाराला जादा खर्च मागायची सोय ठेवली की कमी दराने टेंडर घ्यायचे आणि मग दाव्यांतून वसूल करायचे, हा धंदा होतो. अधिकारी आणि ठेकेदार एकत्र आले की ‘अनपेक्षित’ खडक कुठेही निघू शकतो. हा आक्षेप खरा आहे, आणि तो घेणारे लोक पोळलेले आहेत. म्हणून त्याचे उत्तर आदर्शवादाने देता येणार नाही, कामाच्या पद्धतीनेच द्यावे लागेल.

अनपेक्षित म्हणजे काय, हे आधी लिहून ठेवलेले नसते, म्हणून हा गैरव्यवहार चालतो. साध्या खोदाईचेच बघा. आपल्या दरसूचीत मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक, कठीण खडक असे वर्ग आहेत आणि प्रत्येकाचा दर वेगळा. पोकलेनच्या बकेटला जे लागले ते कठीण मुरूम की मऊ खडक, यावर साइटवर रोज वाद होतो आणि ज्याच्या हातात मोजमाप पुस्तक त्याचे म्हणणे टिकते. आता हीच गोष्ट सह्याद्रीतल्या बोगद्याला लावा. आपला डोंगर वरून एकसंध काळा दिसतो, पण तो लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला आहे. घट्ट बेसॉल्टच्या खाली सच्छिद्र बेसॉल्ट, त्याच्या भोकांत झिओलाइट नावाचे खनिज भरलेले, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे-कुठे तांबड्या मातीचा पट्टा, ज्याला भूगर्भतज्ज्ञ रेड बोल म्हणतात. बोअरमधून काढला तेव्हा तो खडकासारखा कडक असतो. हवा-पाणी लागले की काही दिवसांत भुगा होतो. बोगद्याच्या छतात तो आला आणि वेळेवर शॉटक्रीट (दाबाने फवारायचे काँक्रीट) मारले नाही, तर वरचा दगड सुटतो. थरांच्या सांध्यांतूनच पाणी वाहते, त्यामुळे उन्हाळ्यात कोरडे निघालेले बोअर ऑगस्टमध्ये भरलेले असते. इकडे नदीकाठी काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडेपर्यंत आकसते, आणि तिच्यावर थेट बांधलेली भिंत दोन-चार वर्षांत कलते किंवा तडकते.

यातले काहीच गुपित नाही. बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी, प्रत्येक ओढ्याखाली आणि नकाशावर जिथे भेगेची शंका आहे तिथे बोअर घ्यायचे. ५४ मिलिमीटर जाडीचा गाभा काढून, खोली लिहून, खणांच्या पेट्यांत लावायचा. १० सेंटीमीटरपेक्षा लांब तुकड्यांची एकूण लांबी किती टक्के भरते ते मोजायचे. दाबाने पाणी सोडून खडक किती पाणी पितो ती ल्युजॉन चाचणी घ्यायची. बोअरमधली पाण्याची पातळी निदान दोन पावसाळे लिहून ठेवायची. मग या सगळ्यावरून मालकाने एक आधाररेषेचा अहवाल करायचा आणि तो कराराचा भाग करायचा: या बोगद्यात अति वाईट खडक ४०० मीटरपर्यंत निघेल असे धरा, पाण्याची गळती मिनिटाला इतके लिटर धरा. ४०० मीटरपर्यंत सगळे ठेकेदाराचे, त्याच्या दरात आले. ४०१ व्या मीटरपासून मालकाचे, आधीच ठरलेल्या दराने. सुप्रमाच्या धंद्याला खरा पायबंद हा आहे, कारण इथे ‘अनपेक्षित’ हा शब्दच उरत नाही, फक्त मीटर मोजायचे राहतात. उलट आपल्याकडे काय चालते? भूस्तराची माहिती ‘फक्त संदर्भासाठी’ म्हणून टेंडरला जोडतात आणि खाली लिहितात की तिच्या अचूकतेची जबाबदारी खात्याची नाही. पैसा खर्चून काढलेल्या माहितीवर मालकाचाच विश्वास नसेल, तर परदेशी ठेकेदाराने तीन महिन्यांत कशावर विश्वास ठेवून दर भरायचा?

रोहतांगखालच्या अटल बोगद्याचे काम एका ऑस्ट्रियन आणि एका भारतीय कंपनीने मिळून केले. ९.०२ किलोमीटरच्या या बोगद्यात सेरी नाल्याखालच्या ५८७ मीटरच्या भेगपट्ट्याने कित्येक वर्षे खाल्ली. चिखल, दगड आणि पाणी एकत्र आत येत होते. २०१० मध्ये सुरू झालेला बोगदा खुला व्हायला ऑक्टोबर २०२० उजाडले. त्यात परदेशी कौशल्य कमी पडले का? आल्प्समध्ये आयुष्य घालवलेल्या माणसांनाही तो नाला तसाच भेटला. स्वीडनमधला हालांडसॉस रेल्वे बोगदा तर जेमतेम ८.७ किलोमीटरचा. १९९२ मध्ये सुरू झाला, पहिल्या ठेकेदाराने काम सोडले, दुसऱ्याने गळती थांबवायला रासायनिक मिश्रण वापरले आणि १९९७ मध्ये त्यातले विष ओढ्यांत गेले, गुरे लुळी पडली, काम बंद करावे लागले. बोगदा २०१५ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. स्वीडन, म्हणजे जिथून आपण तंत्रज्ञान आणायचे म्हणतो तो देश. कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ ला झालेल्या लेक टॅपिंगची, म्हणजे जलाशयाला खालून बोगद्याने भोक पाडण्याची, पद्धत नॉर्वेत रुळलेली होती आणि ती आपल्या अभियंत्यांनी इथे यशस्वी केली, हे मी विसरलेलो नाही. परदेशी कौशल्य जरूर घ्यावे. पण डोंगर परदेशी कंपनीला जास्त सोपा जात नाही, आणि त्याची माहिती गोळा करण्याचे काम कुठल्याही कंपनीकडे सोपवता येत नाही.

उलटे उदाहरण लंडनचे. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये हीथ्रोच्या रेल्वेसाठी चाललेला बोगदा कोसळला. विमानतळाच्या मालकांनी पुढे पाचवे टर्मिनल बांधताना वेगळीच भूमिका घेतली: जोखीम शेवटी आमचीच आहे, तेव्हा ती उघड आमच्याकडेच ठेवू. विमा संपूर्ण प्रकल्पाचा मिळून मालकानेच काढला. पुरवठादारांचा खरा खर्च उघड्या वह्यांवरून दिला, नफा आधी ठरवून ठेवला, बचत झाली तर वाटून घेतली. दोष कुणाचा यावर पत्रे लिहीत बसण्यापेक्षा अडचण दिसताच ती सांगण्यात सगळ्यांचा फायदा राहिला. सुमारे ४३० कोटी पौंडांचे टर्मिनल ठरल्या दिवशी, २७ मार्च २००८ ला, उघडले. पहिल्या दिवशी सामानाच्या यंत्रणेचा गोंधळ झाला तो झालाच. चालवण्याच्या जोखमीकडे बांधण्याइतके लक्ष दिले गेले नव्हते. ही पद्धत जशीच्या तशी आपल्याला परवडणार नाही, कारण उघड्या वह्या तपासायला तसा तयार मालक लागतो. तरीही तिच्यातले मूळ तत्त्व आपल्याला घेता येते.

जोखीम चुकीच्या खांद्यावर टाकल्याची दोन उदाहरणे महाराष्ट्राने स्वतः भोगली आहेत आणि ती परस्परविरुद्ध टोकांची आहेत. दाभोळच्या वीज प्रकल्पात वीज उचलली नाही तरी राज्य वीज मंडळाने पैसे द्यायचे, डॉलर चढला तरी मंडळाने सोसायचे आणि वर सरकारची हमी. जवळपास सगळी जोखीम आपल्याकडे, नफा कंपनीकडे. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. कोल्हापूरच्या एकात्मिक रस्ते प्रकल्पात दुसरे टोक गाठले. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने करायचे आणि टोलमधून वसूल करायचे. वाहने किती येतील, लोक टोल देतील का, ही जोखीम कंपनीची, असे कागदावर होते. पण आपल्याच गल्लीतून बाहेर पडताना टोल भरायचा प्रसंग आला तेव्हा ज्यांच्या खिशाला हात घातला जाणार होता ते नागरिक त्या करारात कुठेच नव्हते. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्या पाठीशी सारे शहर रस्त्यावर उतरले आणि शेवटी सरकारला कंपनीची भरपाई अंगावर घेऊन टोल बंद करावा लागला. कंपनीने घेतलेली जोखीम अशी फिरून तिजोरीवर आली. केंद्राने पुढे महामार्गांसाठी हायब्रिड अॅन्युइटी पद्धत आणली, तीत ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळात मिळते आणि टोलची जोखीम सरकारकडे राहते. दोन्ही टोकांवरून शिकूनच हे झाले. मग परदेशी कर्जावरच्या वादात दाभोळचे नाव घेणारे टोलचे नाव का घेत नाहीत, आणि टोल आठवणारे दाभोळ का विसरतात?

कर्जाबद्दल एक आक्षेप मात्र मला पूर्ण पटतो. तो व्याजाबद्दलचा नाही, विनिमय दराचा आहे. आपल्यासारख्या राज्यांना हे कर्ज केंद्रामार्फत मूळ चलनाच्या अटींवर मिळते, म्हणजे रुपया घसरला तर फरक राज्याने सोसायचा. २०१४ मध्ये डॉलर ६० रुपयांच्या आसपास होता, २०२४ अखेर ८५ च्या. १० कोटी डॉलरची परतफेड ६०० कोटींवरून ८५० कोटींवर जाते आणि त्यात कुणाचीही चूक नसते. ही जोखीम ठेकेदारावर ढकलता येत नाही, अभियंत्यालाही सांभाळता येत नाही. ती वित्त विभागाची आहे. कर्ज घेतानाच तिचा वेगळा राखीव निधी विधिमंडळापुढे मांडला पाहिजे.

भाववाढीचे तसे नाही. तिचा हिशेब करता येतो आणि कोल्हापूरला तो शिकवायला नको. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्याला विचारा, वर्षभराच्या ऑर्डरला तो कास्टिंगचा एकच दर बांधून देईल का? पिग आयर्न आणि स्क्रॅपच्या दराप्रमाणे फरक मिळावा, हे तो आधी ठरवून घेतो. आंतरराष्ट्रीय करारातले सूत्र याहून वेगळे नसते: दराचा काही हिस्सा स्थिर, बाकीचा मजुरी, इंधन, पोलाद, सिमेंट यांच्या निर्देशांकांप्रमाणे वर-खाली. १८ महिन्यांपेक्षा लांब कामाला जागतिक बँक हे सूत्र मागतेच. जो उद्योजक स्वतःच्या धंद्यात हे न्याय्य मानतो, त्याने सार्वजनिक कामात ‘एकच दर, फरक नाही’ अशी मागणी कशी करावी?

आणि काही जोखमी अशा आहेत की त्या ठेकेदाराच्या कधीच नव्हत्या. जमीन ताब्यात देणे, वनखात्याची परवानगी, रस्ता खोदायची परवानगी, विजेचे खांब आणि जलवाहिन्या हलवणे. काळम्मावाडी धरणातून कोल्हापूरला पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनचे काम २०१४ मध्ये सुरू झाले आणि पाणी शहरात आले २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये. जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, धरणाच्या पाण्यात. पाणी उतरले तरच खोदाई, आणि पाणी किती उतरवायचे हे शेतीच्या आवर्तनांवर. वाटेतल्या परवानग्या वेगवेगळ्या खात्यांकडे. यातले काय ठेकेदाराच्या हातात होते? असा उशीर ठेकेदाराच्या दंडात वसूल होत नाही, तो मुदतवाढीतच जातो. म्हणून कामाचा आदेश देण्याआधी ८० ते ९० टक्के जमीन हातात असलीच पाहिजे, हा महामार्गांवरचा नियम पूरनियंत्रणाच्या कामालाही तसाच लावावा. शिरोलीजवळ महामार्गाच्या भरावाने पुराचे पाणी अडते ही नागरिकांची तक्रारही याच खात्यातली. त्या भरावाचा शहरावर काय परिणाम होईल ही जोखीम कुठल्याही कराराच्या रकान्यात नव्हती.

अधिकाऱ्यांचा आक्षेप शेवटी येतो आणि तो मनापासूनचा असतो. दावा योग्य आहे हे कळत असले तरी सही कोण करणार? लेखापरीक्षणात उद्या विचारतील, करारात नसताना पैसे का दिले? त्यापेक्षा नाकारलेले बरे, लवादाने दिले तर आपल्यावर बोट येत नाही. या भीतीची किंमत व्याजासकट तिजोरी भरते. यावर उपाय आहे तो वादमंडळाचा, पण ते पहिल्या दिवसापासून हवे. मोठ्या कामाला तीन जाणकार, दोन्ही बाजूंनी एकेक आणि तिसरा दोघांच्या संमतीने, खर्च निम्मा-निम्मा. फिडिकच्या नमुन्यात ठेकेदाराने अडचण कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस द्यायची, नाहीतर हक्क गेला. मंडळाने ८४ दिवसांत निर्णय द्यायचा. आणि वाद असो-नसो, दर १४० दिवसांच्या आत साइटवर यायचे. यातले २८ दिवस आपले ठेकेदार हमखास चुकवतात, कारण इथे साहेबांशी तोंडी बोलून ठेवायची सवय असते, आणि आंतरराष्ट्रीय करारात तोंडी बोलण्याला काडीची किंमत नाही. खडक उघडा असताना, फोटो आणि मोजमाप ताजे असताना तिघा त्रयस्थांनी लिहून दिलेला निर्णय हातात असला, तर अधिकाऱ्याला सही करायला आधार मिळतो आणि खोटा दावाही तिथेच पडतो. केंद्राच्या वित्त मंत्रालयाने जून २०२४ मध्ये सरकारी करारांतून मोठ्या रकमेचे लवाद सरसकट ठेवू नका असे सांगितले. लवादाला कंटाळून ते झाले असेल तर मी समजू शकतो. पण लवादाचा रस्ता बंद करताना वादमंडळाचा उघडला नाही, तर तडजोड फसल्यावर उरते फक्त दिवाणी कोर्ट.

या सगळ्या चर्चेत ज्याचे नाव कुणी घेत नाही तो मात्र इथला आहे. जागतिक टेंडर कुणालाही मिळो, खोदाई, भराव, सेंट्रिंग, वाहतूक करणार ती कोल्हापूर-सांगलीची माणसे. हप्त्यावर घेतलेली दोन पोकलेन आणि चार डंपर, एवढाच ज्याचा संसार, अशा सब-कॉन्ट्रॅक्टरच्या करारात एक ओळ असते: मुख्य ठेकेदाराला पैसे मिळाल्यावर तुम्हाला मिळतील. वरून खाली ढकललेली प्रत्येक जोखीम या एका ओळीतून त्याच्यावर येऊन थांबते. दावा वर्षभर अडकला की कंपनीचे फारसे बिघडत नाही, याचे मशीन फायनान्सवाले ओढून नेतात. कडक कराराची मागणी करणाऱ्यांनी हा शेवटचा माणूस डोळ्यांपुढे आणावा. मुख्य ठेकेदाराच्या पुढच्या बिलाआधी मागच्या बिलातले सब-कॉन्ट्रॅक्टरचे पैसे दिल्याचा पुरावा मागणे, ही एक अट करारात घालायला कुठल्याही बँकेची हरकत नसते.

जोखीम वाटण्याचा एक नमुना आपल्या नदीतच उभा आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पुराशी झुंजत नाही. खांबांच्या खाचांत बरग्यांच्या, म्हणजे आडव्या फळ्यांच्या, दोन रांगा बसवायच्या, मध्ये माती भरायची, पावसाळा संपता संपता पाणी अडवायचे. आणि पुढच्या पावसाळ्याआधी बरगे काढून नदीला मोकळी वाट द्यायची. जी जोखीम दगडाला पेलणार नाही ती त्याच्यावर टाकलेलीच नाही. पण त्याबरोबर एक काम ठरलेल्या माणसाचे, ठरलेल्या तारखेचे असते. बरगे वेळेत निघाले नाहीत तर काठ कापला जातो, मळई, म्हणजे काठची गाळाची जमीन, वाहून जाते, आणि तेव्हा बंधारा कुणी बांधला याची चौकशी कुणी करत नाही. बरगे काढायचे कुणाकडे होते तेच विचारतात. पूरनियंत्रणाच्या प्रत्येक टेंडरबरोबर असा एक उघडा तक्ता असायला हवा: जोखीम कोणती, कुणाची, तिची तरतूद किती, कधीपर्यंत काय करायचे. तो मराठीत असावा आणि महापालिकेच्या चौकात लावलेला असावा.

टेंडरपूर्व बैठका होतील तेव्हा कृती समित्यांनी, पूरग्रस्तांच्या संघटनांनी, इथल्या अभियंत्यांनी आणि ठेकेदारांनी तिथे जावे. कंपनी कुठली हे विचारण्याआधी बोअर किती घेतले, कुठे घेतले, पाण्याची पातळी किती पावसाळे मोजली ते विचारावे. गाभ्याच्या पेट्या कुठल्या गोदामात ठेवल्या आहेत, त्या दाखवा म्हणावे. झाकण उघडून तांबड्या थराच्या खणात अजून गाभा आहे की नुसता भुगा राहिला आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि त्याची खोली वहीत लिहून घ्यावी.